डाव्या कानाचा चिरा

दत्तानं वाघुरीची खुंटी उपटली तेव्हा सोनम आतच उभी होती, मेंढ्यांच्या मधोमध, कमरेपर्यंत लोकरीत बुडालेली.

"बाहेर ये," तो म्हणाला. "पोपटराव गाडी लावतोय."

दौंडच्या पोपटराव व्यापाऱ्याची पिकअप बांधावरून मागं मागं येत होती. मेंढ्यांभोवतीचं दोरीचं जाळं, म्हणजे वाघूर, एका कोपऱ्यात खाली बसलं होतं. एवढी वाट मिळाली की पहिली मेंढी निघते, आणि पहिली निघाली की बाकीच्यांना विचारावं लागत नाही. सोनमनं दोन ढांगांत पुढं येऊन जाळं उचललं, दत्ताच्या हातातली खुंटी घेतली आणि त्याच भोकात दाबून बसवली.

"सोनम!"

"या न्हाई जायच्या."

दत्ताला आधी वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. त्याच्या घरात 'न्हाई' म्हणायचा मान आजवर त्याचाच होता. म्हातारपणामुळं बापानं, तात्याबानं, तो सोडून दिला होता आणि बायकोनं, अनितानं, कधी मागितलेला नव्हता. तेरा वर्षांच्या पोरीनं तो सकाळी सकाळी, परक्या माणसासमोर, परस्पर उचलून घेतला होता.

भांडणाचं मूळ शिरूरच्या अलीकडं होतं, हायवेच्या कडेला. ज्या माळावर काल-परवापर्यंत याच मेंढ्या चरायच्या, तिथं इंटरनॅशनल स्कूल उभी राहिली होती. इंटरनॅशनल म्हणजे नेमकं काय हे वस्तीवर कुणालाच धड ठाऊक नव्हतं. पण इमारतीला काचा होत्या, बस पिवळी होती आणि फाटकावरचा वॉचमनसुद्धा गुड मॉर्निंग म्हणायचा. दत्ता एका रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून तिथं जाऊन आला आणि येताना गुळगुळीत कागदाचं एक रंगीत पुस्तक घेऊन आला. रात्री जेवताना त्यानं ते सगळ्यांना वाचून दाखवलं. पोहायचा तलाव, कॉम्प्युटरची खोली, घोडेस्वारी.

"घोडेस्वारी म्हंजी?" तात्याबानं घास हातात धरून विचारलं.

"घोड्यावर बसायला शिकवत्यात."

"आन् त्येचं पैसं घेत्यात?"

"फीमधीच असतंय ते, आबा."

म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. "आरं, तुला झोळीत घालून, घोड्याच्या पाठीवर बांधून कोकणात नेलाय मी. कोंबड्या तुझ्या उशाला हुत्या. त्या हिशेबानं तू लई शिकल्याला हायस बघ!"

सगळे हसले, दत्ता सोडून. कोकणातल्या त्या वाटा त्याला हसण्यासारख्या वाटत नव्हत्या. मेंढ्यांमागं फिरण्यात त्याची पाचवी सुटली, मग शाळाच सुटली. आता तो रांजणगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मशीनवर होता. मशीनचं पोट त्याला पाठ होतं, पण त्याच्यावर नेमलेला पोरगा पुण्याहून यायचा, साहेबाशी इंग्रजीत चार वाक्यं बोलायचा आणि दत्ताला 'ए मामा' म्हणायचा. दत्ताला ते लागायचं. रोज लागायचं. धाकट्या सुरजला कुणी अशी हाक मारू नये, एवढ्यासाठी तो काहीही विकायला तयार होता. बापाच्या पोटात हे असणं काही वाईट नाही. त्याचा हिशेब फक्त एका लेकरापाशी येऊन थांबत होता.

कारण पुस्तक मिटून तो म्हणाला होता, "एकाचंच झेपंल. सुरज यंदा पयलीला तिथं जाईल. सोनमची सातवी झाली, बास झालं. रानात हिच्या आयला हात हुईल. दोन वर्सांनी बघू."

वस्तीवरची शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीला शिरूरच्या हायस्कुलात जायचं म्हणजे एसटीचा पास, नवी पुस्तकं, नवा ड्रेस. आणि 'दोन वर्सांनी बघू' म्हणजे काय बघायचं असतं, हे पोरीच्या जातीला कुणी समजावून सांगावं लागत नाही. दोन वर्षांनी पाहुणे बघायला येतात.

 अनितानं त्या रात्री ते गुळगुळीत पुस्तक उचललं आणि भाकरीच्या टोपल्याखाली घातलं. टोपलं डगमगत होतं, ते नीट बसलं.

आणि आज जून लागल्यावर दत्तानं पोपटरावला बोलावलं होतं. उरल्यासुरल्या मेंढ्या एकदम काढायच्या आणि सुरजचं नाव घालायचं.

"काय झालं?" पोपटराव गाडीतून उतरला. ढेरीवरचा शर्ट खाली ओढत त्यानं वाघुरीच्या आत नजर फिरवली. नजर मेंढ्यांवरून फिरली आणि पोरीवर येऊन थांबली.

"काय न्हाई. लेकराचा लळा असतोय. तुम्ही घ्या भरायला," दत्ता म्हणाला.

"घेतो की. हात ठेवा."

हा पोपटरावचा रिवाज होता. जनावराच्या पाठीवर मालकानं हात ठेवून 'दिली' म्हटल्याशिवाय तो ते उचलत नसे. एकदा त्यानं धाकट्या भावाच्या शब्दावर मोठ्याच्या मेंढ्या भरल्या होत्या. मग थोरला कुऱ्हाड घेऊन दौंडच्या बाजारात आला आणि पोपटराव एका हॉटेलच्या भटारखान्यात पाण्याच्या पिंपामागं लपून बसला होता. तेव्हापासून तो हाताशिवाय व्यवहार करत नव्हता. लोक हसायचे. तो म्हणायचा, हसा, पण हात ठेवा.

दत्तानं जवळची मेंढी ओढली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

"दिली."

"थांब," तात्याबा म्हणाला. तो लिंबाखाली बाजेवर बसला होता आणि इतका वेळ तंबाखू मळत होता. "पोपटराव, तिचा कान बघ."

"कान कशाला, आबा?" दत्ता म्हणाला.

"तू नको. त्येला बघू दे."

पोपटरावनं मेंढीचा कान बोटांत धरून उलटा केला. डाव्या कानाला उभा चिरा होता, जुना, भरून आलेला.

"चिरा हाय."

"डाव्या कानाला ना? मग ती सोनमची."

दत्ता हसला. पण त्याच्या हसण्याला कुणी साथ दिली नाही. अनिता घरातून बाहेर आली होती आणि उंबऱ्याशी उभी होती. तिच्या पदराला धरून सुरज उभा होता.

सोनमचं बारसं झालं तेव्हा अनिताचा भाऊ म्हाळू वरवंडहून आला होता. येताना त्यानं काखेत एक कोकरू आणलं होतं, मादी. भाचीला मामानं मेंढी द्यायची, ती भाचीची, आणि तिच्या पोटी ज्या माद्या येतील त्याही भाचीच्या, असा त्यांच्यात जुना पायंडा होता. नर घरखर्चाला. तात्याबानं त्याच दिवशी त्या कोकराचा डावा कान चिरला होता. पुढं सुरज झाला. मुलगा झाला म्हटल्यावर म्हाळूला आभाळ ठेंगणं झालं. तो हलगी लावून आला. साधी मेंढी कशी द्यायची, वंशाचा दिवा होता! त्यानं मेंढा आणला, शिंगांना रंग दिलेला, अंगावर गुलाल उधळलेला. सगळ्या वस्तीनं त्या मेंढ्याचं कौतुक केलं. दोन जत्रा तो मिरवला आणि तिसऱ्या जत्रेला कुणाच्या तरी पातेल्यात गेला. मेंढा कितीही देखणा असला तरी वेताच्या बाबतीत त्याचा काही उपयोग नसतो, हे एवढे मेंढरांत जन्म काढलेले लोक त्या आनंदात साफ विसरून गेले होते.

सोनमच्या मेंढीचं कुणी कौतुक केलं नव्हतं. ती नुसती वीत राहिली होती.

"पुढची," तात्याबा म्हणाला.

पोपटरावनं दुसरी धरली. "चिरा."

"सोनमची."

"चिरा. ही पण चिरा. हिला..." त्यानं कान उन्हाकडं केला. "हिला उजव्या कानाला खाच हाय."

"ती अनिताची. माह्यारची येल हाय ती. लग्नात आली हुती तिच्याबरुबर."

दत्तानं बायकोकडं बघितलं. लग्नाला चौदा-पंधरा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत आपल्या बायकोच्या नावावर काही असेल असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. अनिता त्याच्याकडं बघत होती, पापणी न हलवता.

मेंढ्या एकेक करून पुढं आल्या. सोनम स्वतःच त्या धरून पोपटरावपुढं करत होती, मागचा पाय धरून न ओढता, गळ्याखाली हात घालून. चिरा, चिरा, खाच, चिरा. पोपटरावच्या आवाजातली गंमत हळूहळू कमी झाली आणि तो जरा गंभीरपणानं कान बघू लागला. शेवटी कोपऱ्यात दोन मेंढे उरले. दोघांच्याही कानांची टोकं छाटलेली होती.

"ह्ये दत्ताचं," तात्याबा म्हणाला आणि तंबाखूची चिमूट दाढेत धरली.

"दोन?" दत्ता म्हणाला. "आन् माझ्या बाकीच्या? एवढा कळप हुता आपला! कुठं गेल्या माझ्या?"

"बोअर मारलंस तवा गेल्या. घराला स्लॅब टाकलास तवा गेल्या. बाकीच्या त्या फटफटीला गेल्या. दर बारीला मी तुझ्यातल्याच काढून दिल्या. दुसऱ्याच्या कशा देणार?"

"मला कधी बोलला न्हाईत."

"तू इचारलंस कवा? तू म्हणायचास, आबा, धा-बारा काढा. मी काढायचो."

दत्ताच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. शरम वाटली की त्याला राग येई, आणि राग आला की आवाज चढे.

"रान कुणाचं? चारा कुणाचा? ह्यातलं कशाचं तरी कागदपत्र हाय का?"

"कागुद न्हाई," तात्याबा शांतपणानं म्हणाला. "कान हायती की."

"आबा, मी काय दारूला इकतोय का? लेकराच्या शाळंसाठी इकतोय!"

"लेकरं दोन हायती," अनिता म्हणाली.

ती उंबऱ्यावरून खाली उतरली होती. तिचा आवाज मोठा नव्हता, पण तो तिनं बऱ्याच दिवसांपासून राखून ठेवला असावा.

"आवो, मी इतके दिस गप बसले. मला वाटलं, तुमच्या मनात यील. एकाचंच झेपतंय म्हणता. मग जे एकाचंच झेपतंय ते कशाला करायचं? दोघांचं झेपंल असं बघा ना. सुरज आपल्या शाळंत जाईल, जिथं ही शिकली. ही शिरूरला जाईल. त्यात कुणाचं काय इकावं लागत न्हाई."

"आन् इंग्लिशचं काय?"

"आमाला पयलीपासनं हाय इंग्लिश," सोनम म्हणाली.

"तसलं न्हाई गं! पुस्तकातलं न्हाई. बोलायचं!" दत्ताचा आवाज एकाएकी फाटला. "चार माणसांत तोंड उघडायचं इंग्लिश. तुमाला न्हाई कळायचं. तिथं कारखान्यात यीऊन बघा एक दिवस, माणूस कसा खाली बघून उभा राहतोय ते."

 तो खोटं बोलत नव्हता आणि हे सगळ्यांनाच कळत होतं. सोनमलाही कळत होतं. तिला बापाची कणव आली.  पण कणव आली म्हणून आठवी सोडून द्यायची, असं तिला वाटलं नाही.

"मलाबी न्हाई खाली बघून उभं राह्यचं, पप्पा," ती म्हणाली.

दत्तानं नजर खाली वळवली.  कारखान्यातल्या त्या पोरापुढं वळवायचा, तशीच.

पोपटरावनं घसा साफ केला. त्याला घरच्या भांडणात पडायचं नव्हतं, पण ऊन चढत होतं आणि पिकअप रिकामी होती. तो वाघुरीजवळ आला आणि कंबरेत जरा वाकून सोनमला म्हणाला, "मग, ताई? तुमच्यातल्या काही द्यायच्या का? भाव मी चांगला देईन. मालक तुम्ही हाय."

मोठा माणूस, मोठा व्यापारी, आपल्या पोरीला 'तुम्ही' म्हणतोय, हे दत्तानं ऐकलं. पोपटराव चेष्टा करत नव्हता. ज्याचा माल, त्याला तो असाच बोलायचा.

"न्हाई," सोनम म्हणाली. "माझी एक बी न्हाई."

"माझीबी न्हाई," अनिता म्हणाली.

"बरं." पोपटरावनं ते सहज मान्य केलं आणि दत्ताकडं वळला. "मग तुमचं दोन मेंढं तरी द्या. दौंडहून आलोय. डिझेल तरी निघू द्या."

"घ्या!" दत्ता म्हणाला. त्याच्या बोलण्यात आता नुसता ताठा उरला होता. शाळेच्या फीला त्या दोन मेंढ्यांनी काही होणार नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं. पण बोलावलेला व्यापारी रिकाम्या गाडीनं परत गेला, अशी बातमी संध्याकाळी वस्तीवर नको होती. "दोन्ही दिलं. या घरात तेवढंच माझं हाय तर तेवढंच न्या."

तो हात ठेवायला आत शिरणार, तेवढ्यात सोनमनं वाघूर सोडली. तिनं मुद्दाम केलं की चरायला न्यायची वेळच झाली होती, हे सांगता येणार नाही. रोज याच वेळेला ती सोडायची. तिनं खुंटी उपटली, जाळं खाली पाडलं, काठी उचलली आणि बांधाच्या दिशेनं चालू लागली. पहिली मेंढी निघाली. मग सगळ्याच निघाल्या, चिऱ्याच्या आणि खाचेच्या. आणि त्यांच्यामागून, दाट लोकरीच्या त्या लोंढ्यात खांद्याला खांदा लावून, दत्ताचे दोन्ही मेंढेही निघाले.

"ए! मेंढं ठिव! मेंढं माझं हायती!"

"धरून घ्या की," सोनम न वळता म्हणाली.

दत्तानं एका मेंढ्याच्या शिंगाला हात घातला. मेंढ्यानं नुसती मान झटकली. तो दुसऱ्याच्या मागं धावला, तर तो माद्यांच्या मधोमध घुसला. कधीकाळी कोकणापर्यंत कळप हाकून नेलेला हा माणूस कारखान्याच्या बुटांनी ढेकळांत ठेचकाळत होता, आणि जनावरं त्याला अशी चुकवत होती जसा तो कुणी वाटसरूच असावा. त्यानं ओठ आवळून जुनी शीळ घातली. एकाही मेंढरानं कान टवकारला नाही. ती शीळ त्यांनी कधी ऐकलीच नव्हती.

"तिला हाक मारायला सांगा," पोपटराव गाडीला टेकून म्हणाला. "तिच्या आवाजानं थांबतील."

बाजेवरून तात्याबानं तंबाखूची पिंक टाकली.  दत्ता बांधावर उभा राहिला. त्याला धाप लागली होती. कळप आता पल्याडच्या माळाला लागत होता.

"सोनम," त्यानं हाक मारली. मग जरा खालच्या आवाजात पुन्हा मारली. "सोनम, थांबव त्यास्नी."

ती चालत राहिली, पण पावलं सावकाश पडू लागली.

"हायस्कुलात नाव घालायला कवा जायचं?" तिनं विचारलं. अजून तिची पाठच त्याच्याकडं होती.

दत्तानं मागं वळून बघितलं. घरापुढं अनिता उभी होती, बाप बसला होता, सुरज मातीत बसून खडे मांडत होता. पोपटराव दुसरीकडं बघत होता, पण ऐकत होता.

"सोमवारी बघू."

"बघू नको."

"बरं. सोमवारी जाऊ."

"उद्या," सोनम म्हणाली.

मेंढ्या चालल्याच होत्या. पुढच्या माळावर पोहोचल्या असत्या तर दुपारपर्यंत कुणाच्या हाती लागल्या नसत्या. दत्तानं डोक्यावरची टोपी काढली, टोपीनंच तोंड पुसलं आणि पुन्हा घातली.

"उद्या," तो म्हणाला.

सोनमनं जिभेनं टर्र असा आवाज काढला. मेंढ्या थांबल्या. मेंढे थांबले. ती वळली, कळपातून वाट काढत मागं आली आणि बापाच्या दोन्ही मेंढ्यांना शिंगांना धरून तिनं त्याच्यापुढं उभं केलं.

"ठिवा हात," ती म्हणाली.